गुहेतल्या हेडलॅम्पसाठी रिचार्जेबल सेल: नेमके कोणते भरवशाचे?

अंधारयात्री
नमस्कार मंडळी,
आमचा छोटा गट आहे. आतापर्यंत दोन-तीन तासांत आत जाऊन बाहेर येण्यासारख्या गुहा केल्या. आता आठ-दहा तास आत राहायचं, मध्ये एक-दोन ठिकाणी दोरावरून उतरायचं, असे बेत सुरू झालेत. इतके दिवस साधे अल्कलाइन पेन्सिल सेल घालून भागलं. पण दरवेळी पिशवीभर अर्धवट वापरलेले सेल उरतात. ते टाकवत नाहीत आणि पुढच्या खेपेला त्यांचा भरवसाही वाटत नाही. म्हणून सगळ्यांनी एकदमच रिचार्जेबलवर जायचं ठरवलंय.

घोडं अडलंय ते निवडीवर. गटात तीन तट पडलेत. एकाचं म्हणणं, आहेत तेच हेडलॅम्प ठेवून निकेलवाले पेन्सिल सेल घ्या. दुसरा म्हणतो, लॅम्पच बदला आणि १८६५० वर (लिथियम-आयनचा जाडसर गोल सेल) जा. तिसरा म्हणतो, बॅटरी आतच बसवलेला यूएसबीवाला घ्या, कटकट नको. मी कुंपणावर बसलोय.

१. तुम्ही काय वापरता आणि का?
२. ऑनलाइन ९९०० एमएएचचे (मिलिअँपिअर-अवर, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) १८६५० दिसतात, तेही नावाजलेल्या सेलपेक्षा स्वस्त. यात काही अर्थ आहे का?
३. 'प्रोटेक्टेड' सेल घ्यावेत की साधे?
४. माणशी जादा सेल किती ठेवावेत?

चिखल्या
दोन नंबरचं उत्तर आत्ताच देतो. नाही. बाकीचं रात्री सविस्तर लिहितो.

वटवाघूळ
मला हा प्रश्नच कधी पडला नाही. :)

मिलिअँप
@अंधारयात्री, ९९०० चा हिशोब एकदा करूनच टाकू, म्हणजे गटात परत वाद नको.

१८६५० म्हणजे १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबी. एवढ्या डब्यात नावाजलेल्या उत्पादकांच्या सेलची कॅपॅसिटी साधारण ३५००-३६०० एमएएचच्या आसपासच संपते. सॅमसंग ३५ई, एलजी एमजे१, मोलिसेल एम३५ए हे सगळे ३५०० वाले. पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी ३४०० च्या घरातला. हे जगातले मोठे उत्पादक. यांना जे जमत नाही ते कुणा अनोळखी वेष्टनवाल्याला तिपटीने कसं जमेल?

वजनावरूनही बघा. ३५०० एमएएच गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे साधारण १२.६ वॉट-अवर, आणि असा सेल भरतो ४५ ते ५० ग्रॅम. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. 'मोठ्या' आकड्याचा सेल तिशीतच भरला तर आत काय असेल ते समजा. मात्र वजन जुळलं म्हणजे सेल अस्सल, असं उलटं समजू नका. नावाजलेल्या सेलचं वेष्टन छापून भंगारातल्या लॅपटॉप बॅटरीचे सेल त्यात गुंडाळून विकणारेही आहेत. ते वजनाला बरोबर भरतात, फक्त म्हातारे असतात.

आकड्यांच्या मागे लागूच नका. गुहेत ३००० चा अस्सल सेल ३५०० च्या संशयास्पद सेलपेक्षा केव्हाही बरा.

कंदीलकाका
मी निकेलवाल्यांच्या बाजूचा. मिलिअँप यांचं गणित बरोबर आहे, पण भरवसा नुसत्या वॉट-अवरवर ठरत नाही.

एनेलूपसारखे, म्हणजे पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल २००५ मध्ये आले आणि माझ्यापुरता प्रश्न मिटला. त्याआधीचे निकेल सेल महिनाभर कपाटात राहिले की बरेच रिकामे व्हायचे, त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री चार्जिंगची जत्रा. आता तसं नाही. शिवाय आमच्यात सगळ्यांचे लॅम्प पेन्सिल सेलवर चालतात. कुणाचे संपले तर दुसऱ्याचे घातले. अगदीच वेळ आली तर कुठलाही अल्कलाइन चालतो. सेल शॉर्ट झाला तर तापतो, वेष्टन वितळतं, पण लिथियमसारखा भडकत नाही. चिखलात पडला, पुसला, घातला.

एकच पथ्य पाळा. २०००वाला घ्या, २५००वाला नको. बनवणारी कंपनीच २०००वाल्याला २१०० वेळा आणि २५००वाल्याला ५०० वेळा चार्ज करता येईल म्हणते. खरे आकडे कमी भरले तरी प्रमाण लक्षात घ्या.

अवनी
काका, आदर आहे, पण दोन गोष्टींवर मतभेद.

पहिली गोष्ट वजन. चार एनेलूप म्हणजे १.२ × २ × ४ = ९.६ वॉट-अवर, आणि वजन शंभर ग्रॅमच्या वर. एक चांगला १८६५० जवळपास निम्म्या वजनात १२ च्या वर देतो. सरपटत जाताना मानेला हा फरक कळतो.

दुसरी जास्त महत्त्वाची. चार सेल ओळीने जोडलेले असतात तेव्हा सगळ्यात अशक्त सेल आधी संपतो. उरलेले तिघे त्याच्यातून करंट ढकलत राहतात आणि त्या बिचाऱ्याचं प्लस-मायनस उलटं होतं. असं एकदा-दोनदा झालं की तो सेल कायमचा लंगडा. मग पुढच्या खेपेला लॅम्प अपेक्षेपेक्षा लवकर मंदावतो आणि दोष कुणाचा ते कळत नाही, कारण घरी चार्जर चारही सेल 'फुल' दाखवतो. एका सेलवर चालणाऱ्या लॅम्पमध्ये हा प्रकारच नाही.

तुम्ही म्हणता तसे सेल एकमेकांत फिरवले की हा धोका वाढतो. नवा-जुना, भरलेला-अर्धा असे एकत्र येतात.

कंदीलकाका
अवनीताई, उलटं होण्याचा मुद्दा मान्य. म्हणूनच मी सेलवर कायम मार्करने अ१ अ२ अ३ अ४ असं लिहितो. चौघं एकत्रच जातात, एकत्रच चार्ज होतात आणि एकत्रच निवृत्त होतात. एक बिघडला तर चारही घरातल्या घड्याळांना आणि रिमोटला.

वटवाघूळ
एकत्र कुटुंबपद्धती अजून कुठेतरी टिकून आहे हे वाचून बरं वाटलं.

भुयारी
मी तिसऱ्या तटाचा. :) बॅटरी आतच, टाइप-सी, पिशवीत पॉवर बँक. सुटे सेल नकोत, वेगळा चार्जर नको, नकली-असलीची भानगड नको. सगळे एवढं डोकं का पिकवताय?

चिखल्या
@भुयारी, कोरड्या गुहेत खुशाल वापरा. माझं नाव बघा आणि मी कसल्या गुहांत जातो ते ओळखा. दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले, हातमोज्यांवर बोटभर थर, आणि त्यात ते रबरी झाकण नखाने उघडून इवल्याशा भोकात केबल घालायची. एकदा चिखल आत गेला की ते पोर्ट बाहेर येईपर्यंत विसरा. आणि चार्ज होईतोवर काय, बसून राहायचं? केबल डोक्याला लावून सरपटता येत नाही. सेल बदलायला मिनिटभर लागतं.

आत बसवलेली बॅटरी म्हातारी झाली की पूर्ण लॅम्पच म्हातारा, हे वेगळंच.

भुयारी
पोर्टचा मुद्दा बिनतोड. पण काही लॅम्पना स्वतःची चार्ज होणारी बॅटरी असते आणि ती काढून त्याच जागी तीन छोटे ट्रिपल-ए सेल घालता येतात. पेट्झल कंपनीच्या 'कोअर' बॅटरीचं तसंच आहे. हा मधला मार्ग नाही का?

चिखल्या
दुसरा किंवा तिसरा दिवा म्हणून उत्तम. मुख्य दिवा म्हणून दहा तासांना माझ्या मते अपुरा. १२५० एमएएचची बॅटरी असते ती.

अंधारयात्री
सगळ्यांचे आभार, इतक्या लवकर इतकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. एक उपप्रश्न: हल्ली पेन्सिल सेलच्याच आकाराचे, १.५ व्होल्टचे लिथियम रिचार्जेबल मिळतात, बुडाशी यूएसबी भोक असलेले. ते घेतले तर जुने लॅम्प वापरता येतील आणि वजनही कमी होईल. कुणी वापरलेत?

ओहम_शांती
वापरलेत. घड्याळाला, रिमोटला, खेळण्यांना छान. गुहेत नाही.

कारण सांगतो. आत खरा सेल ३.७ व्होल्टचाच असतो. त्याच्यावर एक इवलंसं सर्किट बसवून १.५ व्होल्ट बाहेर काढतात. ते सर्किट शेवटपर्यंत ठाम १.५ देत राहतं आणि आतला सेल संपला की फट्कन शून्य. तुमच्या लॅम्पला वाटतं सेल अगदी ताजे आहेत, त्यामुळे तो ना मंदावतो, ना लाल दिवा लुकलुकवतो. साधा अल्कलाइन किंवा निकेल सेल मरताना निदान कण्हतो तरी.

आणि १४५०० नावाचा सेल याच्याशी गल्लत करून घेऊ नका. तोही पेन्सिल सेलएवढाच दिसतो, पण थेट ३.७ व्होल्ट देतो. तसे तीन सेल साध्या लॅम्पमध्ये घातले तर ४.५ च्या जागी ११-१२ व्होल्ट जातील. पुढचं सांगायला नको.

मंद_वात
ओहमभाऊंनी अगदी मुद्द्याला हात घातला. सेल निवडण्याआधी आपला लॅम्प मरतो कसा ते माहीत हवं. काही लॅम्प उजेड एकसारखा धरून ठेवतात आणि व्होल्टेज घसरलं की पायरी-पायरीने खाली येतात. काही पहिल्या मिनिटापासूनच हळूहळू मंदावत जातात. काही शेवटच्या पायरीवर तास-दोन तास तग धरतात, काही सरळ मिटतात.

खोक्यावरच्या तासांवर जाऊ नका. अँसी एफएल-१ नावाचं जे प्रमाण सगळे छापतात, त्यात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे २०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) लॅम्प २० ल्युमेनवर घरंगळत असला तरी खोक्याच्या हिशेबाने तो 'चालू' आहे.

हेही सांगून ठेवतो की गुहेत हजार ल्युमेन बहुतेक वेळ लागतच नाहीत. सरपटताना पन्नास पुरतात, नाहीतर समोरच्या भिंतीवरून उजेड उलटून आपलेच डोळे दिपतात. चालायला शंभर-दीडशे. मोठं दालन आलं की तेवढ्यापुरता झोत. ढोबळ हिशेब: चांगल्या लॅम्पमध्ये शंभर ल्युमेनला सुमारे एक वॉट लागतो, म्हणजे एका अस्सल १८६५० वर अकरा-बारा तास. @अंधारयात्री, तुमची दहा तासांची फेरी एका सेलात बसते आणि एक जादा सेल ठेवला की दुप्पट.

निवांत
वाचतोय. वाचनखूण साठवली.

मिलिअँप
तिसरा प्रश्न राहिला, प्रोटेक्टेड की साधा.

प्रोटेक्टेड म्हणजे सेलच्या मायनस बाजूला एक छोटी चकती बसवलेली असते. व्होल्टेज फार खाली गेलं, चार्जिंगमध्ये फार वर गेलं किंवा करंट मर्यादेबाहेर गेला की ती जोडणी तोडते. यामुळे लांबी ६५ वरून ६८-७० मिमी होते. इथूनच घोळ सुरू होतो. काही लॅम्प लांब सेलसाठी बनवलेले असतात. त्यात साधा आखूड सेल घातला की स्प्रिंग नीट दाबली जात नाही आणि हेल्मेट छताला आपटलं की दिवा क्षणभर जातो. काही आखूडसाठी असतात. त्यात लांब सेल कोंबला की स्प्रिंग चेपते आणि महिन्याभराने आखूड सेलही सैल बसतो. काहींना प्लसचं टोक उंच असलेलाच सेल लागतो, सपाट टोकाचा घातला तर पेटतच नाहीत, कारण उलटा सेल घातला तर जोडणी होऊ नये म्हणून तशी रचना असते. अशा वेळी मध्ये छोटं लोहचुंबक ठेवायचा सल्ला कुठेतरी वाचाल. तो मानू नका. ते सरकून बाजूच्या पत्र्याला टेकलं तर थेट शॉर्ट.

माझं मत: एकाच सेलचा लॅम्प असेल आणि लॅम्पमध्येच कमी व्होल्टेजला बंद होण्याची सोय असेल तर लॅम्प बनवणाऱ्याने सांगितलेला, नावाजलेला कुठलाही सेल घ्या. दोन किंवा जास्त सेल ओळीने असतील तर प्रोटेक्टेडच.

अवनी
मिलिअँप यांच्याशी सहमत, एक भर घालते. प्रोटेक्टेड सेलच्या चकतीने जोडणी तोडली की मल्टिमीटर शून्य दाखवतो आणि लोक सेल मेला म्हणून टाकून देतात. बहुतेकदा चार्जरमध्ये ठेवला की जागा होतो. पण साधा सेल खरोखरच दोन व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिला असेल तर त्याला जबरदस्तीने जागं करू नका. आतलं तांबं विरघळायला लागलेलं असतं, चार्ज करताना ते नको तिथे जमतं आणि आतच शॉर्ट होऊ शकतो.

कंदीलकाका
तुम्ही सगळे लिथियमला एवढे घाबरता, आमच्या वेळी कंबरेला ॲसिड बांधून आत जायचो.

खरंच. खाणकामगारांचे शिशाच्या बॅटरीचे दिवे असायचे. डबा पट्ट्याला अडकवलेला, वायर पाठीवरून हेल्मेटपर्यंत. डबा आडवा झाला की ॲसिड पाझरायचं. आमचे दोर नायलॉनचे, आणि नायलॉनला गंधकाम्ल खातं. वाईट हे की दोर बाहेरून धडधाकट दिसतो. मग आम्ही निकेल-लोखंडवाल्या दिव्यांकडे वळलो, तर त्यात पोटॅशचं क्षारद्रव्य. ते नायलॉनला फारसं काही करत नाही, पण कंबरेच्या कातडीला करतं.

त्याआधी कार्बाइड. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी, त्यातून ॲसिटिलीन, त्याची ज्योत कपाळावर. उजेड सगळीकडे सारखा पसरायचा, तसा अजून एकाही एलईडीत पाहिला नाही. थंडीत थांबावं लागलं तर चमकत्या पातळ चादरीखाली दिवा घेऊन बसायचं, ऊब मिळायची. मात्र दोराजवळ ज्योत न्यायची नाही. आणि उरलेला चुन्याचा लगदा लोक आतच फेकून यायचे, त्याचे पांढरे ढीग अजून गुहांत दिसतात. त्या बाबतीत तुमची पिढी शहाणी.

वटवाघूळ
काका, तुमच्या वेळी चादरीखाली हीटर होता आणि आम्हाला म्हणता कष्ट केले.

बुडबुडा
अवांतर आहे, पण काकांनी विषय काढलाच आहे तर. पाण्याने भरलेल्या बोगद्यात बुडी मारणाऱ्यांची अडचण वेगळी. आमचे दिवे पूर्ण हवाबंद असतात. अल्कलाइन किंवा निकेलचे सेल उलटे झाले किंवा बिघडले की हायड्रोजन सोडतात, आणि हवाबंद डब्यात तो जाणार कुठे? म्हणून काही पाणदिव्यांत तो वायू शोषून घेणारी उत्प्रेरकाची गोळी ठेवलेली असते. बुडी झाल्यावर दिवा उघडताना तोंड दुसरीकडे ठेवा. साध्या हेडलॅम्पना एवढं भ्यायचं कारण नाही, ते इतके घट्ट नसतातच.

संपादक
मंडळी, इतिहास रंजक आहे, पण धागा सेल निवडण्याचा आहे. कार्बाइडसाठी काकांनी वेगळा धागा काढावा, आम्ही सगळे वाचू.

मंद_वात
+१, काका काढाच.

ओहम_शांती
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला होता.

निवांत
एक शंका. डोंगरातल्या उंचावरच्या गुहा फार गार असतात, दोन-चार अंश वगैरे. लिथियम थंडीत दगा देतं असं ऐकलंय, खरं का?

ओहम_शांती
अर्धं खरं. थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो. त्यामुळे जोरात वापरलात तर व्होल्टेज लवकर पडतं आणि लॅम्पला वाटतं सेल संपला. मंद उजेडावर दोन-चार अंशांना फारसा फरक पडत नाही. बहुतेक लिथियम-आयन सेल वजा वीसपर्यंत वापरायला चालतात. जादा सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवला की झालं.

खरं पथ्य चार्जिंगचं आहे. शून्य अंशाखाली लिथियम-आयन चार्ज करायचा नाही. धातूरूप लिथियम आत साचतं, सेल कायमचा खराब होतो आणि धोकादायकही. दोन-तीन दिवसांच्या मोहिमेत गुहेच्या तोंडाशी बर्फात तंबू असेल आणि रात्री पॉवर बँकेवर सेल लावणार असाल तर आधी सेल झोपायच्या पिशवीत घेऊन गरम करा.

चिखल्या
आता चौथा प्रश्न, सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच बाजूला पडलाय. जादा सेल किती, हे विचारण्याआधी जादा दिवे किती, ते विचारा. प्रत्येकाकडे तीन स्वतंत्र दिवे, हा जगभरच्या केव्हर (गुहा धुंडाळणाऱ्या) लोकांचा जुना दंडक आहे, अमेरिकेची नॅशनल स्पेलिऑलॉजिकल सोसायटीही हेच सांगते. स्वतंत्र म्हणजे एक बिघडला तर दुसऱ्यावर परिणाम नाही. सेल कितीही चांगला असला तरी लॅम्पचं बटण जाऊ शकतं, वायर तुटू शकते, काच फुटू शकते. आमच्या गटात एकाचा बऱ्यापैकी महागडा लॅम्प उभ्या दोरावर असताना बंद पडला होता आणि सेल ठणठणीत होता. खराबी बटणात निघाली. त्याचा दुसरा दिवा हेल्मेटलाच बसवलेला होता, एका हाताने लागला. पिशवीत तळाशी असता तर दोरावर लोंबकळत शोधत बसला असता.

म्हणून माझा नियम: दुसरा दिवा हेल्मेटवर, तिसरा गळ्यात किंवा खिशात. आणि तिन्ही एकाच जातीच्या सेलवर.

भुयारी
शेवटच्या वाक्याशी असहमत! तिन्ही एकाच जातीचे आणि एकाच खेपेत घेतलेले असले तर दोषही एकदमच येईल. मी मुद्दाम वेगळे ठेवतो. मुख्य दिवा १८६५० वर, दुसरा ट्रिपल-ए वर.

चिखल्या
पण मग दुसऱ्या दिव्याला जादा सेल वेगळे न्यावे लागतात आणि माणूस कंटाळून नेतच नाही. एक जात असली की सगळे सेल सगळ्यांना चालतात. गटातही.

अवनी
दोघांचंही बरोबर आहे, फक्त तुम्ही वेगवेगळ्या धोक्यांबद्दल बोलताय. चिखल्या 'सेल संपला' याबद्दल, भुयारी 'सेल बिघडला' याबद्दल. आठ-दहा तासांच्या फेरीत संपण्याची शक्यता बिघडण्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून मुख्य आणि दुसरा एकाच जातीचे, आणि तिसरा वेगळा, असं मी करते. तिसऱ्यात रिचार्जेबल घालतच नाही. एकदाच वापरायचे लिथियम पेन्सिल सेल मिळतात ना, १.५ व्होल्टचे, चार्ज न होणारे, ते. अल्कलाइनच्या दोन-तृतीयांश वजनाचे, थंडीत चालतात, वर्षानुवर्षं पडून राहिले तरी चार्ज टिकतो आणि सहसा पाझरत नाहीत. अल्कलाइन मात्र न वापरता ठेवलेल्या दिव्यात नको. पाझरून संपर्काच्या पट्ट्या खाऊन टाकतो आणि नेमका हवा तेव्हा दिवा लागत नाही.

मंद_वात
अवनी यांच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. अल्कलाइनचा तो हिरवट-पांढरा थर प्रत्येकाने कुठल्यातरी जुन्या टॉर्चमध्ये पाहिलाच असेल.

अंधारयात्री
गटात काल चर्चा झाली. ठरलं ते असं: मुख्य लॅम्प एका १८६५० चा, सगळ्यांचा एकच नमुना. सेल नावाजलेल्या उत्पादकाचे ३५०० चे, माणशी दोन. दुसरा दिवा सध्याचाच पेन्सिल सेलवाला, त्यात काकांचे निकेल. तिसरा छोटा, अवनीताई म्हणतात तसे लिथियम घालून. (माफ करा ताई, मुख्य आणि दुसरा एका जातीचे होत नाहीत, पण आहेत ते लॅम्प टाकवत नाहीत.)

आता सेल आल्यावर ते चांगले आहेत हे घरी कसं तपासू? मल्टिमीटर आहे.

मिलिअँप
नुसत्या मल्टिमीटरने व्होल्टेज कळतं, कॅपॅसिटी नाही. मरायला टेकलेला सेलही चार्ज केल्यावर ४.२ दाखवतो. कॅपॅसिटी मोजणारा चार्जर गटात मिळून एक घ्या. तो सेल पूर्ण भरतो, मग ठरावीक करंटने रिकामा करतो आणि किती एमएएच निघाले ते दाखवतो. ३५०० च्या सेलमधून ३३००-३४०० निघाले तर उत्तम. २५०० निघाले तर परत पाठवा. काही चार्जर अंतर्गत रोधही दाखवतात. त्या आकड्यावर एकट्याने विश्वास ठेवू नका, पण एकाच खेपेतल्या सेलमध्ये एखाद्याचा आकडा फार वेगळा आला तर तो बाजूला काढा.

आणखी एक, सगळे भरून आठवडाभर ठेवा आणि मग व्होल्टेज बघा. ४.२ वरून थोडं खाली येणं ठीक, पण एखादा चारच्या खाली उतरला तर तो गुहेत नको.

ओहम_शांती
आणि हे सगळं झाल्यावर लॅम्प गुहेत वापरता त्याच पायरीवर लावून ठेवा, किती वेळ चालतो आणि मरताना काय करतो ते बघा. चार्जरचा आकडा काही असो, तुमच्यासाठी खरा आकडा हाच.

निवांत
सेल निवृत्त कधी करायचा?

मिलिअँप
मूळ कॅपॅसिटीच्या ८० टक्क्यांखाली गेला की माझ्याकडे घरकामाला.

कंदीलकाका
८० फार कडक झालं. ७० पर्यंत मी वापरतो, फक्त त्या हिशेबाने वेळ धरतो. मोठा करंट लागत नाही तर घाई कशाला.

मिलिअँप
काका, चालेल. पण चार्जिंगला सेल तापायला लागला किंवा फुगलेला दिसला तर टक्केवारी बघत बसू नका.

चिखल्या
सेल वाहून न्यायचं कुणी लिहिलंच नाही. १८६५० चा जवळजवळ पूर्ण बाहेरचा पत्रा मायनस असतो, वरचं टोक प्लस, आणि दोघांमध्ये फक्त पातळ प्लास्टिकचं वेष्टन आणि वरची कागदी चकती. कॅराबिनर (दोराला अडकवायच्या धातूच्या कड्या) ठेवलेल्या खिशात सुटा सेल टाकलात आणि वेष्टन फाटलं तर खिशातच आग. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुट्या १८६५० बद्दल याच कारणाने इशारा दिला होता. उत्पादकही सुटे सेल लोकांनी वापरू नयेत असंच म्हणतात. आपण वापरतो, तर निदान नीट वापरू. प्रत्येक सेल प्लास्टिकच्या डबीत, डबी कोरड्या पिशवीत. वेष्टन फाटलेला सेल नवं वेष्टन चढवेपर्यंत बाद. विमानाने जाणार असाल तर सुटे लिथियम सेल हातातल्या सामानात, टोकं झाकून. चेक-इनमध्ये चालत नाहीत.

आणि महिनोन्महिने गुहा नसेल तर पूर्ण भरून ठेवू नका. निम्म्यावर, थंड कोरड्या जागी. निघण्याआधी भरा.

अंधारयात्री
उत्तम. डब्या मागवल्या. गटासाठी तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांची एक फाइल करतोय.

एक शेवटचं, वाटलं तर हसा. आत असताना भरलेला सेल कुठला आणि वापरलेला कुठला, हे कसं ओळखता? चिखलात मार्करचं वाचता येत नाही.

अवनी
डबीत भरलेला सेल प्लस वर करून, वापरलेला प्लस खाली करून. अंधारात बोटाने कळतं.

भुयारी
आमच्याकडे उलट. भरलेला प्लस खाली, म्हणजे टोक झाकलेलं राहतं.

चिखल्या
आमच्याकडे वापरलेल्या डबीला रबर बँड.

वटवाघूळ
अवनी आणि भुयारी एकाच मोहिमेवर गेले तर मला आधी कळवा.

अवनी
@वटवाघूळ, पुढच्या महिन्यात चाललोय आम्ही. @भुयारी, निघण्याआधी हे ठरवून घेऊ, की रबर बँड घेऊन येऊ?

भुयारी
रबर बँड आणा.